लागवडीतलं शेण कुठं गेलं?

मृग सरता सरता पहिला दणदणीत पाऊस झाला, की इंदूरजवळच्या महू, सिमरोल, मानपूरकडच्या घरांत संध्याकाळी दिव्यावर काळे, जाडजूड किडे येऊन आदळतात. फरशीवर उताणे पडून पाय झाडतात आणि घरातलं कोणीतरी केरसुणीनं त्यांना पायरीखाली लोटून देतं. हे शेणकिडे. अंगठ्याच्या पेराएवढे आणि डोक्यावर शिंग असलेले दिसले, तर ते बहुधा कॅथार्सिअस नाहीतर हेलिओकोप्रिस या वंशांतले. दोन्ही रात्रीचे उडणारे. त्यांच्याबरोबर आलेले चार-पाच मिलिमीटरचे ऑन्थोफॅगस मात्र कोणाच्या नजरेला पडत नाहीत. जातींच्या हिशेबात तेच सगळ्यांना भारी आहेत. या एका वंशाच्या जगभरात २,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

इंदूरहून चोरल-काळाकुंडच्या बाजूला निघालं, की रस्त्याला वन विभागाची सागाची रोपवणं लागतात, मध्येच निलगिरीचे पट्टे, मग कुणाच्या जामाच्या म्हणजे पेरूच्या, सीताफळाच्या बागा. अशा कुठल्याही लागवडीचा अहवाल काढून पाहावा. रोपं किती लावली, किती टक्के जगली, छातीच्या उंचीवर घेर किती भरला, हे सगळं त्यात मिळतं. खालच्या मातीत कोण राहतं, याचा रकाना नसतो. कधीमधी कोणी अभ्यासक तिथे शेणकिडे मोजायला जातो, शेजारच्या जंगलापेक्षा जाती कमी मिळतात, आणि दोष सरळ झाडाच्या माथी जातो. साग वाईट, निलगिरी त्याहून वाईट.

माझ्या मते झाडाच्या जातीचा नंबर शेवटी लागतो. आधी विचारायचं ते हे, की त्या जमिनीवर शेण पडतं कुणाचं, माती कुठली, आणि पावसाच्या दिवसांत सावली खरोखर किती. या तिन्हीची उत्तरं हातात नसतील, तर किड्यांच्या आकड्यातून लागवडीबद्दल काहीच सांगता येत नाही.

झाडाला दोष देण्याची सवय आली ती पर्जन्यवनांतल्या अभ्यासांवरून. ब्राझीलमध्ये जारी नावाच्या भागात मूळ जंगल, तोडीनंतर पुन्हा वाढलेलं जंगल आणि निलगिरीची रोपवणं यांची तुलना झाली, तेव्हा रोपवणांत शेणकिड्यांच्या जाती मूळ जंगलापेक्षा स्पष्टपणे कमी निघाल्या. उलट मिश्र सावलीखालची कॉफी किंवा कोको असेल, तर जंगलातल्या बऱ्याच जाती तिथं टिकून राहतात, असं मध्य अमेरिकेतल्या कामांतून दिसतं. ते सगळं खरं आहे. पण तिथले किडे बारा महिने ओल्या, अंधाऱ्या जंगलात घडलेले. छत्र विरळ झालं की ऊन आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही. माळव्याच्या कडेचं जंगल पानझडी आहे. मे महिन्यात तिथं सावली नावाला नसते, गवताळ उघडे तुकडे जागोजाग असतात, आणि इथल्या पुष्कळ जाती ऊन खाणाऱ्याच आहेत. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष उचलून इकडे चिकटवता येत नाही. दाट लावलेलं सागाचं रोपवन ऑगस्टमध्ये कधी कधी शेजारच्या जंगलापेक्षा जास्त अंधारं असतं.

किड्यांच्या कामाच्या तऱ्हा तीन. पहिले गोळा करून लांब लोटत नेणारे: जिम्नोप्ल्यूरस, आणि लांब मागच्या पायांचा चिमुकला सिसिफस. जिम्नोप्ल्यूरस भर उन्हात, उघड्यावर काम करतो. दुसरे शेणाच्या पोच्या खालीच बोगदा खणून माल आत ओढणारे: ऑन्थोफॅगस, ऑनिटिस, कॅथार्सिअस, हेलिओकोप्रिस. आपल्याकडे जातींची गर्दी या गटात. तिसरे शेणातच मुक्काम ठोकणारे: अफोडियस, आणि ऑनिटिसेलस सिंक्टस, ज्याची मादी पोच्या आतच पोकळी करून तिथं अंड्यांचे गोळे ठेवते. तिसऱ्या गटाला माती कशीही चालते, पण पो वाळून चालत नाही. दुसऱ्याचं सगळं नशीब मातीवर.

आणि आपली माती दोन टोकांची. खोलगट भागात काळी चिकण, टेकड्यांवर आणि घाटाच्या कडेला उथळ लालसर मुरमाड. काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि भेगाळते; जुलैच्या झडीत फुगून चिकट लगदा होते, तिच्यातली हवा संपते. बोगद्याच्या टोकाशी ठेवलेल्या अंड्याच्या गोळ्यात पाणी शिरलं तर अळी गुदमरते, नाहीतर गोळ्याला बुरशी लागते. मुरमाडीत पाणी निथळतं, खणायलाही सोपं, पण हातभर खाली कातळ लागला की मोठ्या खोदणाऱ्यांना जागाच नाही. म्हणून सागाचं रोपवन टेकडीवर आणि तुलनेची जागा खालच्या काळ्या शेताच्या बांधावर निवडली, तर जो फरक मिळेल तो झाडाचा समजू नये. तो मातीचा असण्याचीच शक्यता जास्त.

मातीची तपासणी अवघड नाही. मूठभर माती ओली करून मळावी, अंगठा आणि बोटाच्या मधून फीत काढत जावी. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब फीत न तुटता निघाली तर चिकण माती भरपूर. ओलाव्यासाठी दहा सेंटीमीटर खोलीवरची माती घट्ट झाकणाच्या डबीत घेऊन लगेच वजन करायचं, मग १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवून पुन्हा. ५० ग्रॅम ओली माती ४० ग्रॅम कोरडी भरली, तर पाणी १० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या २५ टक्के. इथं एक खोच आहे. २५ टक्के पाणी धरलेली काळी माती हाताला कोरडी वाटू शकते, तेवढ्याच पाण्यात वाळूसर मातीचा चिखल होतो. दोन वेगळ्या मातींचे टक्के एका तक्त्यात शेजारी लिहून त्यावर निष्कर्ष काढलेले दिसतात, ते वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

सावलीचं मोजमाप त्याहून फसवं. साग फेब्रुवारीपासून मेपर्यंत उघडा असतो आणि पावसाबरोबर पालवतो, म्हणजे किड्यांच्या हंगामालाच छत्र परत येतं, इथवर छान. पण नेमक्या त्याच कोवळ्या पानांवर जून-जुलैत हिब्लिया नावाच्या पतंगाच्या अळ्या तुटून पडतात. प्रादुर्भाव मोठा असला तर काही दिवसांत अख्खं रोपवन बोडकं होतं आणि महिन्याभरात पुन्हा पालवी धरतं. एखाद्यानं सापळे जुलैत लावले आणि छत्राची मोजणी सवडीनं सप्टेंबरमध्ये केली, तर त्याच्या वहीत ‘दाट सावली’ लिहिलेली असते आणि किडे पकडलेले असतात भर उन्हातले. मोजणी त्याच दिवशी व्हायला हवी. शिवाय दुपारी बारा ते तीनमध्ये जमिनीचं तापमान, पाचोळ्याची जाडी, आणि दहा सेंटीमीटर खोलीचं तापमान. उघड्यावरच्या पोवर उन्हानं दोन-चार तासांत साय धरते. ती घट्ट झाली की वास सुटणं मंदावतं आणि मागून येणाऱ्या किड्यांना तो पो जवळजवळ नसल्यासारखाच.

आता शेण. खरी गोम इथं आहे.

रोपवन लावलं की भोवती गुरं अडवणारा खंदक खणतात, नाहीतर तारेचं कुंपण घालतात, आणि काही वर्षं चराई बंद ठेवतात. रोपं जगवायची तर हे करावंच लागतं. पण त्याच दिवशी तिथल्या शेणकिड्यांचा शिधा तुटतो. राहतात ते रोजडे म्हणजे नीलगाई, ससे, कोल्हे, डुकरं. रोजड्यांना ठरावीक जागी लेंड्या टाकायची सवय असते, त्यामुळे एका कोपऱ्यात ढीग आणि बाकी रान रिकामं. लेंडी गाईच्या पोपेक्षा कोरडी, लवकर वाळणारी. ओल्या, जाड पोवर वाढणाऱ्या जाती अशा ठिकाणी कमी मिळाल्या, तर त्यात सागाचा काय अपराध? खंदकाबाहेर तोच साग, तीच माती, पण गुरं चरतात, असा तुकडा शोधून तिथंही सापळे लावले तरच काही बोलता येईल. ही साधी जोडी फार थोड्या ठिकाणी लावलेली दिसते.

गावाकडच्या शेणाची वाटही बदलली आहे. म्हशी गोठ्यात बांधून खातात, शेण सकाळीच उचललं जातं, त्याचे कंडे म्हणजे गोवऱ्या थापल्या जातात, किंवा ते गोबर-गॅसमध्ये जातं. जमिनीवर उघडा पडलेला पो कमी होत चालला आहे. इंदूरलाच या सगळ्याचं एक जुनं टोक आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत, आणि त्यांच्याबरोबर रसायनाची बाजू यशवंत वाड सांभाळत. शेण जाळलं जातं आणि शेत उपाशी राहतं, ही त्यांची मुख्य तक्रार. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा, काडीकचऱ्याचे आणि शेणाचे थर, तीनदा उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार: ही ‘इंदूर पद्धत’ त्या दोघांनी १९३१ मध्ये छापून जगापुढे ठेवली. योगायोग असा, की भारतीय शेणकिड्यांवरचा गिल्बर्ट ॲरोचा मोठा ग्रंथही १९३१ चाच, आणि आजही जात ओळखायला तो उघडावा लागतो. दोन्ही कामं शेण मातीत जाण्याबद्दलची, पण एकमेकांकडे त्यांची पाठ. खड्ड्यातली ऊब किड्याला जगू देत नाही. किडा असेल तिथं, निदान उघड्या रानात, खड्ड्याची गरज पडत नाही.

सापळ्याकडे वळू, कारण बहुतेक चुका तिथं होतात. एक लिटरचा तोंडरुंद प्लास्टिकचा डबा जमिनीत असा पुरायचा, की त्याची कड मातीच्या पातळीला किंवा किंचित खाली राहील. कड बोटभर वर राहिली तरी चालत येणारे बारके किडे तिला वळसा घालून निघून जातात. एकात एक असे दोन डबे वापरावेत, म्हणजे आतला उचलताना खड्डा ढासळत नाही. बाहेरच्याला तळाशी भोकं पाडावीत. काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचून डबा तरंगत वर येतो, जुलैत हे हमखास होतं, आणि त्यावर खरा इलाज एकच, झडीच्या दिवसांत काळ्या मातीत सापळे लावू नयेत. आत पाव लिटर पाणी, चमचाभर मीठ, दोन-तीन थेंब बिनवासाचा साबण. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि किडा बुडतो. वासाचा साबण घातला तर माशा आणि मधमाश्या वाढतात.

आमिषाला शंभर ग्रॅम ताजं शेण, मलमलीच्या फडक्यात बांधून काठीला डब्यावर पाच सेंटीमीटर उंचीवर टांगलेलं. वर तीन काड्यांवर पत्रावळ, पावसापासून आडोसा. सगळ्या सापळ्यांचं शेण एकाच दिवशी, एकाच गोठ्यातलं, एका घमेल्यात कालवून समान वाटलेलं असावं. रानातून उचललेलं शेण चालत नाही. त्यात किडे आधीच बसलेले असतात आणि तेच पुढे सापळ्यात मोजले जातात. गोठ्यातलं घेऊनही रात्रभर बर्फात गोठवून मग वापरलेलं बरं. आणि गोठेवाल्याला जंताच्या औषधाबद्दल विचारल्याशिवाय तर घेऊच नये, त्याचं कारण पुढे येईल.

दोन सापळ्यांत निदान ५० मीटर अंतर, नाहीतर शेजारी शेजारी एकमेकांचे किडे ओढतात. लागवडीच्या काठापासूनही तेवढंच आत. ४८ तास ठेवायचे, पण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला वेगवेगळे रिकामे केले तर दिवसाचे आणि रात्रीचे किडे आपोआप निराळे होतात, हा फुकटचा लाभ पुष्कळजण सोडतात. कुत्री आणि रानडुकरं आमिष पळवतात. बाभळीच्या काट्या भोवती रोवल्या की बरंच थांबतं, मुंग्या मात्र थांबत नाहीत. मेलेल्या किड्याचे पाय खाऊन टाकतात. एका रोपवनात तीस सापळे लावण्यापेक्षा तीन वेगळ्या रोपवनांत दहा-दहा लावावेत. एकाच जागेचे तीस सापळे शेवटी एकाच जागेचीच गोष्ट सांगतात. हंगामात किमान तीन फेऱ्या: जूनअखेर, ऑगस्ट, सप्टेंबरअखेर.

पकडलेले किडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत, कारण शाई विरघळते आणि बाहेरची चिकटवलेली चिठ्ठी निघते. टाचणी उजव्या कठीण पंखातून. पाच मिलिमीटरखालचे कागदाच्या त्रिकोणावर डिंकानं. ओळखताना सगळ्यात मोठा घोटाळा ऑन्थोफॅगसच्या नरांचा. चांगलं खाऊन वाढलेल्या नराला पूर्ण शिंगं, अर्धपोटी वाढलेल्याला नुसते उंचवटे, मादीला बहुधा काहीच नाही. एकाच जातीचे असे तीन नमुने तीन जाती म्हणून यादीत चढतात आणि ‘विविधता’ वाढते. संशय असेल तिथं नराची जननेंद्रियं काढून भिंगाखाली पाहण्याला पर्याय नाही.

मग हिशेब. जातींची नुसती संख्या फसवते. समजा दोन जागी प्रत्येकी १० जाती, १०० किडे. पहिलीकडे प्रत्येक जातीचे दहा-दहा. दुसरीकडे एकाच जातीचे ९१ आणि उरलेल्या नऊंचा एकेक. सिम्प्सनच्या उलट निर्देशांकानं (प्रत्येक जातीच्या हिश्श्याचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि एकाला तिनं भागायचं) पहिल्या जागेचं मूल्य १० येतं, दुसरीचं १.२. खतावलेल्या, उघड्या, गुरं असलेल्या जमिनीत एखादी जात अशी उसळते, आणि सापळे भरभरून निघाले की पाहणारा खूश होतो. वजन वेगळं पाहावं लागतं. एक हेलिओकोप्रिस जेवढं शेण खाली नेतो तेवढं न्यायला चिमुकल्यांची फौज लागते, आणि लागवडीतून आधी नाहीसे होतात ते बहुधा हे मोठेच. म्हणून किडे ६० अंशांवर ४८ तास वाळवून जातवार वजन नोंदवावं.

काम किती होतं ते पाहायचं, तर सापळ्याशिवायचा प्रयोग आहे, आणि तो शाळेतली मुलंही करू शकतील. अर्धा किलो कालवलेलं शेण मोजून जमिनीवर ठेवायचं. तेवढंच शेजारी बारीक जाळीखाली, जाळी खालूनही बंद. दोन दिवसांनी दोन्हींचं उरलेलं गोळा करून माती झटकून, भट्टीत वाळवून कोरडं वजन घ्यायचं. जाळीतलं कमी झालं ते कुजण्याचं आणि सांडण्याचं; त्याहून जास्त जे कमी झालं ते किड्यांचं. ओल्या वजनावर तुलना केली तर बाष्पीभवनालाच किडे समजून बसण्याची पाळी येते.

इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगरकडच्या ज्या मराठी घरांची बाहेर थोडी बाग आहे, दोन-चार गुरं आहेत, त्यांना हे सगळं मोजायची गरज नाही. त्यांच्या हातात निराळ्या गोष्टी आहेत. पहिली, रोटाव्हेटर. झाडांच्या ओळींमधून दहा-पंधरा सेंटीमीटर खोल फिरवला, की ऑन्थोफॅगसचे अंड्याचे गोळे नेमके त्याच खोलीत असतात. जुलै ते सप्टेंबर तण कापून तिथंच आच्छादन म्हणून टाकलं तर काम भागतं. दुसरी, वाळवीसाठी खड्ड्यात ओतलेलं क्लोरपायरीफॉस. ते फक्त वाळवीला मारत नाही. तिसरी, हुमणीची भीती. शेणखत उकरताना पांढरी, वाकडी अळी दिसली की ती हुमणी म्हणून ठेचली जाते. उकिरड्यात पाठीवर उताणी सरपटणारी अळी मुळं खाणाऱ्या हुमणीची नसते. ती कुजका पाला खाणाऱ्या भुंगेऱ्याची. शेणकिड्याची अळी तर अशी मोकळी सापडतच नाही. ती आपल्या गोळ्याच्या आत असते, पाठीवर मोठं कुबड, आणि बाहेर काढली तर धड चालताही येत नाही. मुळांशी, मातीत मोकळी, सी-च्या आकारात पडलेली जी मिळते, तिच्याकडे संशयानं पाहावं.

चौथी गोष्ट आयव्हरमेक्टिन, आणि माझ्या मते बाकी तिन्हींपेक्षा ती मोठी, कारण ती दिसत नाही. जंत-गोचिडांसाठी गुराला दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम टोचतात. हे औषध शरीरात फारसं मोडत नाही, बहुतेक शेणावाटे बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात शेणात ते सर्वांत जास्त असतं, आणि पुढे काही आठवडे अळ्यांना मारण्याइतकं किंवा अपंग करण्याइतकं उरतं. प्रौढ किडे तरीही येतात, त्या शेणात अंडी घालतात, सापळ्यात भरपूर मिळतात. पुढच्या पिढीचं खातं तिथंच बंद होतं आणि मोजणाऱ्याला पत्ता नसतो. अंगावर ओतायच्या औषधाची मात्रा तर टोचण्याच्या अडीचपट, दर किलोला ०.५ मिलिग्रॅम. गरज नसताना देऊ नये. दिलं तर सगळ्या कळपाला एकाच दिवशी देऊ नये. शक्य तिथं पशुवैद्याला विचारून मोक्सिडेक्टिन हे दुसरं जंतनाशक घ्यावं, ते शेणकिड्यांना बरंच कमी घातक आहे. वेळ निवडायची मुभा असेल तर पावसाआधीचा कोरडा काळ बरा, तेव्हा किडे जमिनीखाली थांबलेले असतात. औषध दिलेली गुरं निदान दोन-तीन आठवडे गोठ्यात बांधावीत, आणि त्या दिवसांचं शेण बागेत न पसरता वाड-हॉवर्डांच्या खड्ड्यात टाकावं.